केसची मांडणी आणि उपचाराचा आराखडा: नव्या समुपदेशकासाठी पायरीपायरीने

पहिली तीन सत्रं झालेली असतात. वहीत बारा पानं भरलेली असतात: बालपण, शिक्षण, नोकरी, नातेसंबंध, झोप, जुनी आजारपणं. चौथ्या सत्राला क्लायंट समोर बसतो आणि नवा समुपदेशक विचारतो, "मग, हा आठवडा कसा गेला?" पन्नास मिनिटं आठवड्याच्या हकिगतीत निघून जातात. पाचवं सत्रही तसंच. माहिती भरपूर असते, पण ती कोणत्या प्रश्नाच्या उत्तरासाठी गोळा केली हेच ठरलेलं नसतं.

तो प्रश्न साधा आहे: हा त्रास अजून का चालू आहे? सुरू का झाला, हा वेगळा प्रश्न. तो महत्त्वाचा आहेच, पण दहा वर्षांपूर्वीचं कारण आज बदलता येत नाही. आज रोज जे घडतं आणि त्रासाला खतपाणी घालतं, ते बदलता येतं. केसची मांडणी, म्हणजे केस फॉर्म्युलेशन, हे या प्रश्नाचं लेखी उत्तर. उपचाराचा आराखडा त्यातूनच निघतो. आराखड्यातल्या एखाद्या ओळीकडे बोट दाखवून "हे का करतोय?" असं विचारलं आणि मांडणीत त्याचं उत्तर सापडलं नाही, तर ती ओळ खोडायची किंवा मांडणी दुरुस्त करायची.

निदान आणि मांडणी यांत गल्लत नको. निदान त्रासाला नाव देतं. त्यासाठी डीएसएम-५-टीआर (२०२२; अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ संघटनेची मानसिक विकारांची नियमावली) किंवा आयसीडी-११ (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची वर्गवारी) यांतले निकष वापरतात, आणि निदान करण्याचा अधिकार कोणाला आहे हे तिथल्या कायद्यावर अवलंबून असतं. पण पॅनिक डिसऑर्डर (अचानक तीव्र भीतीचे झटके वारंवार येणं) हे एकच नाव मिळालेल्या दोघांपैकी एकाला हृदय बंद पडण्याची भीती वाटते, तर दुसऱ्याला चारचौघांत वेड लागण्याची. एक जण घराबाहेर पडत नाही, दुसरा खिशात औषधाची गोळी ठेवून सगळीकडे हिंडतो. नाव एक असलं तरी आराखडे दोन लागतात.

पुढच्या पायऱ्यांसाठी एक काल्पनिक उदाहरण सोबत ठेवू. ३१ वर्षांची नोकरदार स्त्री. आठ महिन्यांपूर्वी कार्यालयातल्या बैठकीत बोलताना अचानक धडधड, घाम, हात बधिर, "आता मरते" असं वाटणं. तेव्हापासून असे झटके आठवड्यातून दोन-तीनदा येतात.

पायरी १: आधी धोका आणि शरीर

गोपनीयता आणि तिच्या मर्यादा पहिल्या दहा मिनिटांत सांगा: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला गंभीर धोका, लहान मुलावर अत्याचार, न्यायालयाचा आदेश. नेमके नियम तुमच्या कायद्याप्रमाणे तपासून ठेवा. हे नंतर सांगितलं तर फसवल्यासारखं वाटतं.

आत्महत्येबद्दल प्रत्येक क्लायंटला विचारायचं, हसतमुख क्लायंटलासुद्धा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा समज चुकीचा आहे. आडवळणाने "काही वाईटसाईट विचार येतात का?" असं विचारलं तर उत्तर "नाही" येण्याचीच शक्यता जास्त. सरळ विचारा: "जीव द्यावा असं मनात येतं का?" हो म्हणाले तर पुढे विचारायचं: किती वेळा, काही पद्धत ठरवली आहे का, साधन हाताशी आहे का, याआधी प्रयत्न केला होता का, आजवर कशामुळे थांबलात. धोका दिसला तर बाकी मांडणी बाजूला. त्याच सत्रात सुरक्षा-आराखडा बनवा. त्याचे सहा भाग असतात: धोक्याच्या पूर्वखुणा, स्वतः एकट्याने करता येतील अशा गोष्टी, मन दुसरीकडे वळवणारी माणसं आणि जागा, मदत मागता येईल अशी जवळची माणसं, व्यावसायिक आणि तातडीची मदत, आणि साधनं हातापासून दूर ठेवणं. शेवटचा भाग नवखे लोक संकोचाने गाळतात, आणि जीव वाचवण्यात त्याचाच वाटा मोठा असतो. हेतू पक्का असेल आणि साधन हाताशी असेल, तर कागदावर विसंबू नका. क्लायंटला एकटं न सोडता तातडीच्या वैद्यकीय मदतीपर्यंत पोहोचवा.

मग शरीर. थायरॉइडचे विकार, रक्तक्षय, ब-१२ची कमतरता, काही औषधं, दारू, कॅफिन, अपुरी झोप ही सगळी नैराश्य किंवा चिंतेचं रूप घेऊन येऊ शकतात. आपल्या उदाहरणातली धडधड आधी डॉक्टरांनी तपासलेली हवी. तपासणीशिवाय "हे मानसिक आहे" म्हणणं हा बेजबाबदारपणा. खूप दारू पिणाऱ्याला "आजपासून बंद करा" असं सांगू नका. अचानक बंद केल्याने फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. ते काम वैद्यकीय देखरेखीखालीच व्हायला हवं.

हा प्रश्नही विसरू नका: "झोप अगदी कमी, तरी उत्साह ओसंडून वाहतोय, खर्च नि बोलणं आवाक्याबाहेर, असे सलग काही दिवस कधी गेलेत का?" नैराश्य घेऊन आलेल्या माणसाच्या मागे उन्मादाचा काळ असेल तर उपचाराची दिशाच बदलते. तो, तसंच भास-भ्रम किंवा वजन धोकादायक पातळीपर्यंत उतरलेला खाण्याचा विकार, अशा केसेस नवख्याने एकट्याने हाताळायच्या नसतात. मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवा आणि सुपरव्हायझरला (तुमच्या कामावर देखरेख करणाऱ्या अनुभवी समुपदेशकाला) त्याच दिवशी कळवा.

पायरी २: आकडे लिहून ठेवा

सुरुवातीचा आकडा नसेल तर तीन महिन्यांनी "बरं वाटतंय" या शब्दाला काही मोल राहत नाही. दोन छोट्या प्रश्नावल्या बहुतेक ठिकाणी पुरतात. नैराश्यासाठीच्या पीएचक्यू-९ मध्ये ९ प्रश्न, गुण ० ते २७. ५, १०, १५ आणि २० या गुणांपासून अनुक्रमे सौम्य, मध्यम, मध्यम-तीव्र आणि तीव्र नैराश्य धरतात. चिंतेसाठीच्या जीएडी-७ मध्ये ७ प्रश्न, गुण ० ते २१. टप्पे ५, १० आणि १५. दोन्ही गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात. पीएचक्यू-९चा नववा प्रश्न मरणाच्या आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याशिवाय काहीही आलं, तर बेरीज कितीही कमी असो, त्याच सत्रात त्यावर बोलायचं. फॉर्म फाईलला लावून पुढच्या आठवड्यात पाहणं ही चूक अक्षम्य आहे.

या प्रश्नावल्या चाळणीसारख्या आहेत. १३ गुण आले म्हणून निदान झालं असं होत नाही. नुकतंच कोणी गेलेल्या माणसालाही १३ येऊ शकतात.

शिवाय क्लायंटच्या मुख्य त्रासाचं घरगुती माप ठरवा: आठवड्यात झटके किती, बैठका किती टाळल्या, दिवसातून नाडी किती वेळा तपासली. आपल्या उदाहरणात पीएचक्यू-९ वर १३, जीएडी-७ वर १२, आठवड्याला ३ झटके, आणि नाडी तपासणं रोज सुमारे २० वेळा.

पायरी ३: एकच प्रसंग, मिनिटामिनिटाने

सगळ्यात जास्त फायदा याच पायरीचा, आणि घाईघाईत उरकली जाते तीही हीच. "मला नेहमीच टेन्शन येतं" यावर मांडणी उभी राहत नाही. शेवटचा ठळक प्रसंग निवडा, शक्यतो गेल्या आठवड्यातला, आणि चित्रफीत हळूहळू पुढे सरकवावी तसं विचारत जा.

"त्या दिवशी किती वाजले होते? कोण कोण होतं? अगदी पहिल्यांदा काय जाणवलं?" छातीत धस्स झालं. "त्या क्षणी मनात काय आलं?" बाबांसारखंच होणार. "मग शरीरात काय झालं?" धडधड वाढली, श्वास पुरेना. "मग काय केलंत?" नाडी पाहिली, पाणी प्यायलं, बाहेर गेले. "बाहेर गेल्यावर?" पाच मिनिटांत शांत. "आणि संध्याकाळी?" उद्याच्या बैठकीला जाणार नाही असं साहेबांना कळवलं.

शेवटचे दोन प्रश्न गाळू नका. कृतीनंतर लगेच काय मिळालं आणि पुढे काय गमावलं, या दोन उत्तरांत त्रास टिकून राहण्याचं कारण दडलेलं असतं. बाहेर पडल्याने लगेच सुटका मिळाली. पण "बाहेर पडले म्हणून वाचले" हा धडा पक्का झाला आणि "आत राहिले असते तरी काही झालं नसतं" हे कळण्याची संधी गेली. असे तीन प्रसंग उलगडले की साचा दिसू लागतो. तीनही प्रसंगांत साचा वेगवेगळा दिसला, तर तुम्ही बहुधा दोन निराळे त्रास एकत्र मोजताय.

"मनात काय आलं?" याला "काहीच नाही" असं उत्तर आलं तर "कोणतं चित्र डोळ्यांसमोर आलं?" किंवा "सगळ्यात वाईट काय होईल असं वाटलं?" असं विचारून पाहा. भावना विचारल्यावर विचार आणि विचार विचारल्यावर भावना सांगणं अगदी सर्रास घडतं. "मला वाटलं की ते हसतील" हा विचार, "लाज वाटली" ही भावना. दोन्ही वेगळ्या रकान्यांत लिहा.

पायरी ४: पाच कप्पे

आता गोळा झालेलं पाच कप्प्यांत घाला. इंग्रजीत पाचही नावं एकाच अक्षराने सुरू होतात म्हणून या पद्धतीला 'फाइव्ह पीज' म्हणतात.

सध्याची तक्रार: झटके, बैठका टाळणं, गेल्या तीन महिन्यांत उदास मन आणि मैत्रिणींना भेटणं बंद.

पूर्वपीठिका, म्हणजे त्रासासाठी जमीन भुसभुशीत करणाऱ्या गोष्टी: आईचा काळजीखोर स्वभाव आणि घरात प्रत्येक दुखण्याचा बाऊ, तीन वर्षांपूर्वी वडील हृदयविकाराच्या झटक्याने गेले, त्या वेळी ती शेजारी होती.

निमित्त: बढती, दर महिन्याला वरिष्ठांसमोर सादरीकरण, आदल्या रात्री चार तास झोप, सकाळपासून चार कप कॉफी.

टिकवणारे घटक: बैठका टाळणं, दाराजवळची खुर्ची, पाण्याची बाटली, सतत नाडी पाहणं, इंटरनेटवर लक्षणं शोधणं, तिच्याऐवजी सगळी बाहेरची कामं करणारा नवरा.

आधार: नोकरी टिकवण्याची तीव्र इच्छा, समजूतदार नवरा, मोकळेपणाने बोलण्याची क्षमता, हृदयाच्या तपासण्या व्यवस्थित.

प्रत्येक कप्प्यात शरीर, मन आणि परिसर हे तिन्ही पाहा. जॉर्ज एंगेल यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या जैव-मनो-सामाजिक विचाराचा रोजचा उपयोग इथेच होतो. वर कॉफी आणि झोप, मृत्यूची आठवण, आणि बढती व नवरा असे तिन्ही थर आलेत. फक्त मनच भरलं असेल तर बाकीचं विचारायचं राहिलंय. कर्ज, घरातली मारहाण, कामावरचा छळ, भेदभाव यांनी पिचलेल्या माणसाला "विचार बदला" असं सांगणारी मांडणी क्रूर ठरते. घरात मारहाण होत असेल तर जोडप्याचं एकत्र सत्र आणि ठामपणे बोलण्याचा सराव दोन्ही उलटू शकतात. म्हणून किमान एकदा क्लायंटशी एकांतात बोला.

दोन इशारे. पूर्वपीठिकेचा कप्पा तुडुंब आणि टिकवणाऱ्या घटकांचा कप्पा रिकामा, हे नवख्या मांडणीचं ठरलेलं लक्षण. बालपणाची हकीगत ऐकायला गुंतवून टाकते. रोजची टाळाटाळ कंटाळवाणी वाटते. आणि नवऱ्यासारखा एकच माणूस आधारातही असतो, टिकवणाऱ्या घटकांतही. त्याला दोन्हीकडे लिहायला कचरू नका.

पायरी ५: चक्र काढा

कप्पे ही यादी झाली. यादी कारण सांगत नाही, बाण सांगतात. कोऱ्या कागदावर टिकवणारे घटक मांडून त्यांच्यामध्ये बाण काढा, आणि बाण फिरून पहिल्या जागी येतो का पाहा. येत नसेल तर मधली कडी निसटली आहे.

झटक्यांचं चक्र मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडलं, तेच इथे लागू पडतं: शरीरात साधी संवेदना → "हा हार्ट अटॅक आहे" असा अर्थ → भीती → भीतीमुळे संवेदना आणखी तीव्र → अर्थावरचा विश्वास आणखी पक्का. आपल्या क्लायंटमध्ये या चक्राला दोन शेपट्या आहेत. नाडी सतत तपासल्याने लक्ष छातीवरच राहतं, त्यामुळे एरवी न जाणवणारी धडधडही जाणवते. आणि टाळल्याने, बाटली हाताशी ठेवल्याने अर्थ चुकीचा ठरण्याची संधीच मिळत नाही. दुसरं छोटं चक्र नैराश्याचं: बाहेर पडणं कमी → आनंदाचे आणि काही जमल्याचे क्षण कमी → मन उदास → बाहेर पडणं आणखी कमी.

इतर केसेसमध्ये वारंवार भेटणारी चक्रंही ओळखीची करून घ्या. तेच तेच घोळवणं: विचार करतोय म्हणजे प्रश्न सोडवतोय असं वाटतं, निर्णय मात्र होत नाही. धीर मागणं: "सगळं ठीक आहे ना?" विचारल्यावर तासभर बरं वाटतं, मग पुन्हा विचारावंसं वाटतं. अतिपरिपूर्णता: दहा वेळा तपासल्याने चूक झाली नाही, म्हणून अकराव्यांदाही तपासायचं. जोडप्यातला पाठलाग-पळ: एक जितकं मागे लागतं तितकं दुसरं गप्प होतं, आणि जितकं गप्प तितकं मागे लागणं. या सगळ्यांत लगेचचा फायदा आणि उशिराचा तोटा आहे. लगेचचा फायदा सापडला नाही तर चक्र अजून पुरतं कळलेलं नाही असं समजा. निव्वळ तोट्याची सवय सहसा कोणी जपत नाही.

एक-दोन चक्रं पुरेत. भिंतभर नकाशा काढला तर सुपरव्हिजनमध्ये कौतुक होईल, क्लायंट मात्र बुचकळ्यात पडेल.

पायरी ६: एका परिच्छेदात लिहा

१०० ते १५० शब्द, अधिक नको. नमुना असा:

"क्लायंट (३१) आठ महिन्यांपासून आठवड्याला सुमारे ३ पॅनिक झटके आणि त्यांतून आलेली टाळाटाळ घेऊन आली आहे. घरातलं आजारपणाविषयीचं भय आणि वडिलांचा तिच्यासमोर झालेला मृत्यू यांमुळे छातीतल्या संवेदना ती धोक्याची खूण मानते. बढतीनंतरचा ताण, अपुरी झोप आणि कॅफिन यांच्या जोडीने पहिला झटका आला. बैठका टाळणं, नाडी तपासणं आणि नवऱ्यावर सोपवलेली कामं यांमुळे भीती खोटी ठरण्याची वेळच येत नाही, त्यामुळे त्रास टिकून आहे. आयुष्य आक्रसल्याने मध्यम नैराश्य नंतर जोडलं गेलं असावं. नोकरीची ओढ आणि साथ देणारा जोडीदार हे आधार आहेत. अंदाज: संवेदनांना सामोरं जाऊन सुरक्षेच्या सवयी (बाटली, दाराजवळची खुर्ची, नाडी पाहणं) सोडल्या तर झटके कमी होतील आणि नैराश्यही उतरेल."

शेवटचं वाक्य अंदाजाचं आहे. ते चुकीचं ठरू शकेल अशा शब्दांत लिहा. त्याखाली एक पर्यायी मांडणीही दोन ओळींत लिहून ठेवा: "वडिलांच्या मृत्यूचं न उरकलेलं दुःख आणि त्या प्रसंगाच्या घुसखोर आठवणी हा मूळ गाभा असू शकेल." कोणत्या माहितीने दुसरी मांडणी बळकट होईल हेही नोंदवा: झटक्यांच्या वेळी त्या दिवसाचं दृश्य दिसतं का, त्या खोलीत जाणं टाळते का, दचकून जाग येते का. एकाच मांडणीच्या प्रेमात पडलेला समुपदेशक पुढचं सगळं तिलाच जुळवून ऐकतो. म्हणून हा उपद्व्याप.

पायरी ७: क्लायंटसमोर ठेवा

मांडणी फाईलमध्ये पडून राहण्यासाठी लिहायची नसते. चौथ्या सत्रात कागद मध्ये ठेवा आणि चक्र क्लायंटच्याच शब्दांत काढा: "तुम्ही म्हणालात, छातीत धस्स झालं की बाबा आठवतात. मग नाडी पाहता. नाडी पाहिल्यावर धडधड कमी जाणवते की जास्त?" बाण क्लायंटने काढला तर उत्तमच. 'टिकवणारे घटक', 'मूळ धारणा' हे शब्द आपल्या वहीत ठेवा.

मग विचारा: "यात काय जुळत नाही?" "जुळतंय ना?" असं विचारलं तर भिडेखातर "हो" येतं. हो म्हणून मान डोलावणारा आणि घरी दिलेलं काहीच न करणारा क्लायंट बहुधा याच सत्रात हरवलेला असतो. टाळाटाळीचं बोलताना दोषाचा सूर लागू देऊ नका, "त्या क्षणी दुसरं काय करणार होतात? तेव्हा तोच शहाणपणा वाटला" असं म्हटलं की खांदे सैल पडतात.

पायरी ८: आराखडा

आराखड्याच्या प्रत्येक ओळीत सहा गोष्टी हव्यात: कोणत्या बाणावर काम, उद्दिष्ट, कृती, कोण करणार, माप काय, आढावा कधी. मोठं ध्येय क्लायंटचं असतं आणि ते क्लायंटच्याच शब्दांत लिहायचं: "मला महिन्याचं सादरीकरण स्वतः करायचंय." उद्दिष्टं ही त्याकडे नेणारी मोजता येणारी पावलं. "आत्मविश्वास वाढवणे" हे उद्दिष्ट होत नाही. आत्मविश्वास वाढल्यावर मंगळवारी सकाळी काय वेगळं दिसेल, असं विचारा. जे उत्तर येईल ते लिहा. "रडणं थांबवणे", "राग न येणे" अशी उद्दिष्टंही टाळा. न करण्याचं उद्दिष्ट धरलं की माणूस आणखी टाळू लागतो.

उदाहरणातला आराखडा, आठवड्याला एक अशी ५० मिनिटांची १२ सत्रं धरून:

• अर्थाचा बाण. "धडधड म्हणजे हार्ट अटॅक" यावरचा विश्वास ८५ टक्क्यांवरून आठव्या सत्रापर्यंत ३० च्या खाली. कृती: सत्रात मुद्दाम संवेदना निर्माण करणं, जसं एक मिनिट जागच्या जागी धावणं किंवा वेगाने श्वास घेणं, आधी काय होईल त्याचा अंदाज लिहायचा, मग काय झालं ते. हृदयविकार, दमा, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये.

• तपासण्याचा बाण. नाडी पाहणं दिवसाला २० वरून सहाव्या सत्रापर्यंत ५, दहाव्यापर्यंत ०. माप: मोबाईलमधली रोजची नोंद.

• टाळाटाळीचा बाण. टाळलेल्या प्रसंगांच्या भीतीला ० ते १०० गुण देऊन, सोप्यापासून अवघडापर्यंत दहा-बारा पायऱ्यांची शिडी. सुरुवात ३०-४० च्या पायरीपासून. प्रत्येक पायरी आठवड्यात किमान तीन-चार वेळा.

• नवऱ्याचा बाण. एक संयुक्त सत्र. कोणती तीन कामं तो हळूहळू परत सोपवणार ते दोघांनी ठरवायचं.

• नैराश्याचं चक्र. आठवड्यात दोन आनंदाच्या आणि दोन काही पार पाडल्याच्या गोष्टी, वार आणि वेळ ठरवून. माप: पीएचक्यू-९ दर दोन आठवड्यांनी.

झोप आणि कॉफीला वेगळी ओळ लागत नाही, पहिल्या दोन आठवड्यांच्या गृहपाठात ती बसतात.

शिडीत एक खोच आहे. मासिक सादरीकरण हेच ध्येय असेल तर बारा आठवड्यांत ते जेमतेम तीनदा येतं, आणि तीन वेळांत भीती उतरत नाही. म्हणून मधल्या पायऱ्या रोज मिळतील अशा शोधा: दोन सहकाऱ्यांसमोर पाच मिनिटं बोलणं, बैठकीत एक प्रश्न विचारणं, मधल्या खुर्चीवर बसणं, बाटली टेबलावर ठेवून येणं. आणि लक्षात घ्या, बाटली घट्ट धरून दहा बैठका केल्या तरी श्रेय बाटलीला जातं. सुरक्षेच्या सवयी शिडीबरोबरच सुटायला हव्यात.

क्रम ठरवताना तीन कसोट्या: आधी जिवाचा धोका, मग उपचारच अडवणारी गोष्ट (दारू, न येणं, घरची असुरक्षितता), मग जो बाण तोडल्याने सर्वाधिक बाण सैल होतील तो. नैराश्य इतकं खोल असेल की गृहपाठ होणारच नाही, तर इथे नैराश्याचं चक्र आधी घ्यावं लागेल.

क्लायंट बदलायला अजून तयारच नसेल तर हा सगळा आराखडा अवेळी ठरतो. त्या वेळी उद्दिष्ट एवढंच ठेवा: बदलाचे फायदे-तोटे चार सत्रं नीट तपासून निर्णय घेणं. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये उपचारातल्या नात्याचे तीन भाग सांगितले: ध्येयावर एकमत, कामावर एकमत, आणि आपुलकीचा बंध. नवखे समुपदेशक बंधावर मेहनत घेतात आणि पहिल्या दोन्ही गृहीत धरतात. आराखड्यावर दोघांच्या सह्या घेण्याचा खरा उपयोग इथे आहे.

पायरी ९: आढावा, आणि गाडी अडली तर

दर चार ते सहा सत्रांनी वीस मिनिटं फक्त आढाव्यासाठी राखून ठेवा. पीएचक्यू-९ मध्ये ५ किंवा अधिक गुणांची घट ही दखल घेण्याजोगी सुधारणा मानतात. एक-दोन गुणांच्या चढउतारावर आनंदही नको, हवालदिल होणंही नको. सहा सत्रांनंतरही आकडे जागचे हलले नाहीत तर हा क्रम तपासा: काम खरोखर झालं का? झालं तर योग्य मात्रेत, बाटलीशिवाय झालं का? तेही झालं तर बाण बरोबर होता का? सगळ्यात शेवटी, पर्यायी मांडणी खरी आहे का? नवा समुपदेशक याच्या उलट दिशेने जातो: पहिला गृहपाठ फसला की तंत्रच बदलतो. चार सत्रांत चार तंत्रं झाली की क्लायंटला वाटतं, आपल्यावर कशाचाच उपयोग होत नाही.

गृहपाठ न होण्यामागे आळसापेक्षा साधी कारणं जास्त असतात: काम फार मोठं होतं, कधी करायचं ते ठरलं नव्हतं, किंवा का करायचं ते पटलं नव्हतं. सत्र संपण्याआधी विचारा, "हे होण्याची खात्री १० पैकी किती?" सातच्या खाली उत्तर आलं तर काम तिथल्या तिथे लहान करा. पुढच्या सत्राची पहिली दहा मिनिटं त्याच कामाची; एकदा विचारायचं विसरलात की तिसऱ्या आठवड्यापासून ते येणं बंद.

मांडणी बदलली तर जुनी खोडू नका. तारीख टाकून खाली नवी लिहा. काय कळल्यामुळे मत बदललं, हे सहा महिन्यांनी सुपरव्हायझरइतकंच तुम्हालाही लागेल.

शेवटाची तयारी दहाव्या सत्रापासून. शेवटची दोन साप्ताहिक सत्रं एकाच कागदावर खर्च करा: त्रास परत येतोय याच्या पहिल्या तीन खुणा (इथे: पुन्हा नाडीकडे हात, बैठकीला निरोप, कॉफीचे कप वाढणं), त्या दिसल्यावर पहिल्या आठवड्यात काय करायचं, आणि किती दिवस थांबून फोन करायचा. झटका पुन्हा येऊ शकतो हे आधीच सांगा. न सांगितल्यास पहिल्याच झटक्याला "सगळं पाण्यात गेलं" असं वाटतं. त्यानंतर एक-एक महिन्याच्या अंतराने दोन पाठपुरावा-सत्रं, आणि त्यांच्या तारखा बारावं सत्र संपण्याआधीच दोघांच्या वहीत.